विटाळ आणि प्रदूषण : चामड्याचा हिशेब

चामड्याच्या धंद्याला आपल्या समाजाने शतकानुशतके एकच शब्द लावला : विटाळ. आज त्याच धंद्याला दुसरा शब्द लावला जातो : प्रदूषण. हे दोन शब्द एकमेकांत मिसळले की विचारांचा मोठा घोटाळा होतो आणि त्याची किंमत नेहमी तळाशी उभा असलेला माणूस मोजतो. म्हणून दोहोंतील फरक आधी स्पष्ट केला पाहिजे. विटाळ माणसाला जन्माने चिकटवला जातो. तो मोजता येत नाही आणि कशानेही धुऊन जात नाही, असे मानले जाते. प्रदूषण प्रक्रियेतून निर्माण होते. ते मोजता येते, त्याचे कारण दाखवता येते आणि ते कमीही करता येते. विटाळाची कल्पना नष्टच करावयाची आहे. प्रदूषणाचा मात्र हिशेब मांडावा लागेल. बूट-चपलांच्या चामड्यापुरता तो येथे मांडू.

कच्चे कातडे कुजू नये म्हणून त्याला मीठ लावतात. हे मीठ कातड्याच्या वजनाच्या ४० टक्क्यांपर्यंत असते. कारखान्यात कातडे भिजवले की ते पाण्यात उतरते. विरघळलेले मीठ साध्या शुद्धीकरणाने निघत नाही. ते जमिनीत आणि विहिरीत पोचते. दुसरी पायरी केस काढण्याची. त्यासाठी चुना आणि सोडियम सल्फाइड वापरतात. या सांडपाण्यात आम्ल मिसळले तर हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो आणि टाकी साफ करायला उतरलेला कामगार वर येत नाही. तिसरी पायरी खुद्द कमावणीची. जगातील बहुतेक चामडे आज क्रोमियमच्या क्षाराने कमावले जाते, कारण झाडाच्या सालीने ज्या कामाला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात, ते क्रोमने एखाद्या दिवसात होते. रूढ पद्धतीत यांपैकी सुमारे एक तृतीयांश क्रोम कातड्यात न शिरता पाण्याबरोबर वाहून जाते. एक टन कच्च्या कातड्यातून अखेर २०० ते २५० किलो चामडे हाती येते. बाकीचे गाळ, कातरण आणि सांडपाणी होऊन मागे राहते. दुकानात चकचकीत दिसणारा बूट आपली घाण दुसऱ्या कुणाच्या तरी गावात ठेवून आलेला असतो.

ते गाव कोणते, याचे उत्तर तमिळनाडूतील पालार नदीच्या खोऱ्यात मिळते. वेल्लोरच्या नागरिक मंचाने केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९९६ रोजी निकाल दिला. कातडी कारखान्यांच्या पट्ट्यातील सुमारे ३५,००० हेक्टर शेतजमीन अंशतः किंवा पूर्णतः नापीक झाल्याची माहिती न्यायालयापुढे आली होती. जो प्रदूषण करील त्याने भरपाई द्यावी, हे तत्त्व या निकालाने आपल्या कायद्यात रुजवले. त्यापूर्वी, १९८७ साली, कानपूरच्या जाजमऊ भागातील कारखान्यांबाबत याच न्यायालयाने म्हटले होते की, किमान वेतन देऊ न शकणाऱ्या उद्योगाला जसे चालू राहता येत नाही, तसेच सांडपाण्यावर प्राथमिक प्रक्रिया करू न शकणाऱ्या कारखान्यालाही चालू राहता येणार नाही. ही तुलना कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावी. न्यायालयाने वेतन आणि पाणी एकाच तराजूत ठेवले. आपण मात्र नदीची बाजू आणि मजुराची बाजू वेगळ्या मानून एकीला दुसरीविरुद्ध उभी करतो.

तसे केले की काय होते? सांडपाण्यासाठी सामाईक शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली. नदीत जाणारा गाळ टाक्यांत साठू लागला. ३१ जानेवारी २०१५ रोजी राणीपेट येथे अशाच एका केंद्राच्या टाकीची भिंत फुटली आणि शेजारच्या कारखान्यात झोपलेले १० कामगार गाळाखाली मेले. प्रदूषण कमी करण्याच्या व्यवस्थेनेच त्यांचा जीव घेतला. त्याच वर्षी १ मे पासून युरोपीय संघाने अंगाला लागणाऱ्या चामड्याच्या वस्तूंत षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम अशी ठरवली. क्रोमियमचे हे रूप कर्करोगाला कारण होते. तेव्हा मर्यादा योग्यच आहे. पण ती बूट घालणाऱ्या पायासाठी आहे. ते चामडे पिंपातून काढणाऱ्या हाताची तपासणी त्या मर्यादेत येत नाही.

उपाय नाहीत, असे कुणी म्हणू नये. भिजवण्यापूर्वी कातड्यावरचे मीठ झाडून काढता येते. केस काढण्यासाठी सल्फाइडऐवजी विकरे वापरता येतात. वाया जाणारे क्रोम मॅग्नेशियम ऑक्साइडने साक्याच्या रूपात खाली बसवून, सल्फ्युरिक आम्लात विरघळवून पुन्हा वापरता येते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत १९४८ पासून या विषयावर संशोधन होत आले आहे. अडते ते खर्चावर. बुटाचा भाव दूरच्या बाजारात ठरतो. खरेदीदाराला माल स्वच्छ हवा असतो, पण स्वच्छतेची किंमत भावात धरायची नसते. मग मोठा कारखानदार यंत्रणा उभारतो, लहान कमावणारा दार लावतो आणि मजूर तेच काम कमी मजुरीत, तपासणीच्या नजरेआड करू लागतो.

येथे 'नैसर्गिक' या शब्दापासूनही सावध राहिले पाहिजे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक निर्देशांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील ४ आणि कर्नाटकातील ४ जिल्हे येतात. तिचे चामडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात. त्यात क्रोम नसते, हा मोठा गुण आहे. परंतु चुन्याचे कुंड तेथेही असते आणि त्यात हातही माणसाचेच असतात. कमावणारा ढोर समाज आणि चपला शिवणारा चांभार समाज यांच्या वाट्याला केवळ परंपरेचे कौतुक येणार असेल, तर ते जुनीच वाटणी गोड शब्दांत सांगणे होय. सामाईक शुद्धीकरण, फिरती पिंपे, हातमोजे यांवर सार्वजनिक पैसा खर्च झाला पाहिजे.

महाडच्या १९२७ च्या लढ्यानंतर गावोगाव मेलेली ढोरे ओढण्याचे काम नाकारले गेले. २०१६ साली उना येथील मारहाणीनंतर गुजरातेतही तसाच नकार उमटला. हा नकार विटाळ लादणाऱ्या व्यवस्थेला होता. ज्यांना या धंद्यात राहावयाचे आहे, त्यांनी तो विज्ञानाच्या आणि हक्काच्या पायावर करावा. ज्यांना सोडावयाचा आहे, त्यांना दुसरी वाट मिळावी.

म्हणून एखाद्या मालावर 'पर्यावरणपूरक' अशी चिठ्ठी दिसली, तर कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी चार गोष्टी विचाराव्यात. किती पाणी घेतले आणि कोणत्या अवस्थेत सोडले? किती क्रोम विकत आणले आणि किती चामड्यात उतरले? गाळाच्या टाकीत कोण उतरते, त्याला काय मजुरी मिळते? आणि शुद्धीकरणाचा खर्च कोणाच्या वाट्यातून वजा झाला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली आणि शेवटची दोन गुलदस्त्यात राहिली, तर नदीचा भार उचलून तो पुन्हा त्याच माणसांच्या डोक्यावर ठेवला गेला, असे समजावे.