गैरसमज आणि वस्तुस्थिती : सांगली-साताऱ्यातलं सॉफ्टवेअर

‘चांगलं सॉफ्टवेअर करायचं तर पुण्यात, हिंजवडीच्या आयटी पार्कलाच जायला हवं.’ सांगलीत किंवा साताऱ्यात बसून पोरगी प्रोग्रॅम लिहिते म्हटलं की घरातलं कुणीतरी हे ऐकवतंच. पगार आणि अनुभवी माणसांची सोबत यांपुरतं ते खरं आहे. साधनांपुरतं मात्र साफ खोटं. गिट, लिनक्स, पायथन, पोस्टग्रेस, व्हीएस कोड हे सगळं फुकट उतरवून घेता येतं आणि हिंजवडीतही हेच वापरतात. शिक्षणाचं म्हणाल, तर सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चं, म्हणजे खरगपूरच्या आयआयटीहूनही जुनं. फरक पडतो तो कामाच्या सवयींमुळे, आणि गैरसमजही त्यांच्याबद्दलच जास्त आहेत.

‘आमचा कोड गिटवर आहे, म्हणजे बॅकअप झालाच.’ गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन, लिनस टोरवाल्ड्सने एप्रिल २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलं. त्याची गंमत अशी, की प्रत्येकाच्या संगणकावरच्या प्रतीत कोडचा सगळा इतिहास असतो. एक लॅपटॉप बुडाला तरी दुसऱ्यावरून काम पुढे चालू. पण आपलं गिऱ्हाईक असलेल्या पतसंस्थेचा जीव कोडमध्ये नसतो, खातेदारांच्या नोंदींमध्ये असतो. त्या असतात डेटाबेसमध्ये. गिटमध्ये त्या नसतात आणि नसाव्यातही.

या नोंदी बुडू शकतात, हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा शहरात शिरलं. सर्व्हर तळमजल्यावर आणि बॅकअपची हार्डडिस्क त्याच खोलीतल्या कपाटात, ही व्यवस्था अशा गावात चालत नाही. एक प्रत नदीपासून दूर हवीच. तेवढ्यानंही भागत नाही. गिटलॅब या नावाजलेल्या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका कर्मचाऱ्यानं चुकून चालू डेटाबेस पुसला. डेटा राखण्याचे पाच मार्ग कागदावर होते. ऐनवेळी कळलं, की एकही नीट चालत नव्हता आणि बॅकअपच्या जागी फाइलच नव्हत्या. वाचवलं ते योगायोगानं सहा तास आधी काढलेल्या एका प्रतीनं; मधल्या सहा तासांतला बराच डेटा कायमचा गेला. परत भरून पाहिलेला नाही, तो बॅकअप धरूच नये.

‘टेस्ट लिहिणं म्हणजे मोठ्या कंपन्यांचे चोचले, आम्ही चालवून बघतो की.’ टेस्ट म्हणजे कोडचं उत्तर बरोबर येतं का हे तपासणारा छोटा कोड. हा गैरसमज सर्वांत महागात पडतो, आणि आपल्या भागात तर जास्तच. इथलं काम पतसंस्थांचं, दूध संघांचं, साखर कारखान्यांचं. दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून उरलेल्या घनपदार्थांवर) ठरतो, म्हणजे प्रत्येक ओळीत दशांश अपूर्णांक. ‘संगणक हिशेबात चुकत नाही’ असं म्हणणाऱ्यानं पायथनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारावी. उत्तर नेमकं ०.३ येत नाही. सतराव्या दशांश स्थळी एक ४ चिकटलेला दिसतो. संगणक ० आणि १ या दोनच अंकांत मोजतो, त्यामुळे काही दशांश त्याला नेमके मांडताच येत नाहीत. म्हणून रकमेचा हिशेब पूर्णांकात, पैशांमध्ये ठेवतात, किंवा खास दशांश प्रकार वापरतात. तसं केलं नाही, तर कुठल्यातरी बिलात बेरीज एका पैशानं चुकते आणि उत्पादक सभासद वार्षिक सभेत तोच पैसा विचारतो.

नावांचा घोळ याहून मोठा. ‘कऱ्हाड’ हा शब्द युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी टाइप होऊ शकतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, र च्या खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर तिन्ही सहसा सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ती तीन वेगळी गावं. एका कारकुनानं एका तऱ्हेनं भरलेला खातेदार दुसऱ्याच्या शोधात सापडत नाही, मग त्याचं नवं खातं निघतं. प्रमाणीकरणाच्या नेहमीच्या उपायानं पहिली दोन रूपं एक होतात. तिसरं उरतंच, त्याची वेगळी सोय करावी लागते. लांबीचंही तसंच. ‘सातारा’ आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, युनिकोडमध्ये तो सहा चिन्हांचा आणि यूटीएफ-८ मध्ये १८ बाइटांचा. गावाच्या नावासाठी २० बाइटांची चौकट आखली, तर ३० बाइटांचं ‘महाबळेश्वर’ तिच्यात मावत नाही. हिंजवडीतला माणूस कऱ्हाडची टेस्ट लिहील याची मला फारशी आशा नाही. ती इथल्यांनीच लिहायची. पाचसात ओळींचं काम आहे, आणि एकदा लिहिली, की दर वेळी कोड बदलल्यावर ती आपोआप चालवून घेता येते.

‘नवी आवृत्ती पेनड्राइव्हनं टाकली काय नि आपोआप गेली काय, एकच.’ एकच नव्हे. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर-दलाली कंपनीत हातानं नवा कोड टाकताना आठांपैकी एक सर्व्हर राहून गेला. १ ऑगस्ट २०१२ रोजी जेमतेम ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलर बुडाले.

‘आता एआय कोड लिहितो, शिकायचं कशाला?’ एआय जरूर वापरावं. पण आपल्या अंदाजावर विसंबू नये. मीटर या संशोधन संस्थेनं २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रॅमरना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांवर २४६ कामं दिली, काही एआयसह, काही त्याविना. काम संपल्यावर त्यांना वाटलं, एआयमुळे आपण सुमारे २० टक्के जास्त वेगानं काम केलं. प्रत्यक्षात १९ टक्के जास्त वेळ लागला होता. साधनं रोज सुधारताहेत, त्यामुळे हा आकडा कायमचा नाही आणि नवशिक्यांना तो तसाच लागू करू नये. मात्र एआयनं लिहिलेली ओळ वाचून कळत नसेल, तर ती पतसंस्थेच्या सर्व्हरवर जाता कामा नये.

पतसंस्थेचे किंवा दूध संघाचे संचालक हे वाचत असतील, तर पुढच्या बैठकीत सॉफ्टवेअरवाल्याला एवढंच सांगा: कालचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर, आमच्यासमोर, आत्ता भरून दाखवा.