सत्तावन्न पायऱ्या आणि वरचा स्लॅब

धामणगाव बढ्यात फ्लॅट हा शब्द अजून पाहुण्यासारखाच येतो. पोरांची शाळा, क्लास, दवाखाना अशी कारणं निघाली की गावातली माणसं बुलडाण्याला नाहीतर मलकापूरला घर शोधू लागतात. आमच्या पुतण्याचंही तेच झालं. बजेटमध्ये बसला तो एकच फ्लॅट : तिसरा मजला, सगळ्यात वरचा, लिफ्ट नाही.

"काका, जिमचे पैसे वाचतील," तो म्हणाला.

मी पायऱ्या मोजल्या. एका मजल्याला एकोणीस, म्हणजे एकूण सत्तावन्न. उंची जेमतेम नऊ मीटर. पासष्ट किलोच्या माणसाला एवढं चढायला सहा-सात कॅलरी लागतात, म्हणजे चहात बुडवायच्या बिस्किटाच्या पाव हिश्श्याइतक्या. जिम वगैरे विसरा. पण गॅसचं भरलेलं सिलिंडर तीस किलोच्या घरात जातं, पाण्याचा जार वीस लिटरचा असतो, आणि आमची आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती कठड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "इथं एक स्टूल ठेवा बाप्पा." बोलणी चालू असताना तेवढीच कामाची सूचना आली.

वर राहणं ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली ती लिफ्टमुळे. प्राचीन रोममधल्या भाड्याच्या बहुमजली इमारतींत खालची घरं पैसेवाल्यांची असत आणि गरीब कौलांखाली राहत. 1857 साली न्यूयॉर्कमधल्या एका दुकानात ओटिसची प्रवासी लिफ्ट बसली आणि पुढच्या काही दशकांत हा क्रम उलटला. मुंबईच्या बीडीडी चाळींपर्यंत मात्र लिफ्ट पोचली नाही. तळमजला अधिक तीन, एका इमारतीत ऐंशी खोल्या, आणि पिढ्यान् पिढ्या जिन्यानेच ये-जा. सरकारी मूल्यदर तक्त्याच्या सूचनांतही लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्याचं मूल्य कमी धरायची तरतूद आहे. मुद्रांक शुल्क काढताना दुय्यम निबंधक कार्यालयात ती जरूर विचारावी आणि भाव करतानाही तिची आठवण द्यावी.

पण माझ्या मते जिन्याची चर्चा जरा जास्तच होते. खरा प्रश्न डोक्यावरच्या स्लॅबचा आहे.

आमचं गावातलं जुनं घर धाब्याचं. लाकडी सऱ्यांवर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. मृगाआधी वर चढून माती चोपायची, पहिला पाऊस झाला की कुठं ओल उतरली ते बघायचं. मे महिन्यातही आत गारवा, कारण उष्णता त्या मातीतून खाली पोचेपर्यंत दिवस मावळायचा. चार-पाच इंची काँक्रीट तेवढा वेळ देत नाही. ते दुपारभर तापतं आणि रात्री पंख्याखाली झोपलेल्या माणसावर ती ऊब सोडत बसतं. पंखा फिरतो तो त्याच गरम हवेत. त्यात गावागावाचा फरक आहेच. राजूर घाट चढून बुलडाण्यात आलं की हवा बदलते; मलकापूर मात्र पूर्णेच्या खोऱ्यात, तिथला वरचा मजला म्हणजे भट्टीच. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम चालतो, पण तो खिडकीबाहेर कशावर टेकवणार आणि त्यात पाणी कुठून भरणार, हे फ्लॅट बघतानाच विचारायला हवं.

उपाय आहेत, आणि फार महागही नाहीत. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, वर पांढऱ्या चिनीमातीच्या फरशीचे तुकडे किंवा निदान दरवर्षी चुन्याचा हात. 2010 च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने 2013 मध्ये उष्मा कृती आराखडा केला. पुढे त्यात पांढऱ्या छपरांचाही समावेश झाला. सौर पॅनल बसवले तर सावली फुकटात मिळते.

मात्र हे सगळं करायचं कोणाच्या गच्चीवर? धाबं आमचं होतं. ही गच्ची सगळ्यांची. सहकारी सोसायटी असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची गळती काढण्याचा खर्च सोसायटीचा. छोट्या गावात बऱ्याचदा सोसायटीच नसते. काही इमारती 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली येतात. तिथे घोषणापत्रात गच्ची सामाईक लिहिलीय की कोणा एकाच्या वापराला दिलीय, ते वाचावं लागतं. आणखी एक खाच. आठपर्यंत सदनिका किंवा पाचशे चौरस मीटरपर्यंत जमीन असेल तर रेराची नोंदणी सक्तीची नाही. तळमजल्यासह चार मजले, मजल्यावर दोन घरं, म्हणजे बरोब्बर आठ! रेरा कायद्यात बांधकामातला दोष ताबा घेतल्यापासून पाच वर्षं बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. अशा छोट्या इमारतीत ती अट करारातच स्पष्ट लिहून घेतलेली बरी.

वरच्या मजल्याचं सुखही खरं आहे. डोक्यावर कोणाचा खलबत्ता नाही, दुसऱ्याच्या मोरीचं पाणी आपल्या छतातून ठिबकत नाही, वारा मोकळा. कुरडया-पापड वाळवायला गच्ची हाकेवर, सोलरच्या गरम पाण्याची नळीही आखूड. शॉवर मात्र बिचारा रडतो. टाकीपासून दहा मीटर खाली गेलं की एक किलो दाब वाढतो. तो फायदा तळमजल्याला, आपल्या वाट्याला टाकी आणि नळ यांतलं जेमतेम दोन-तीन मीटरचं अंतर.

पहिली भेट आम्ही मे महिन्यात दिली होती. मी स्टुलावर चढून छताला तळहात लावला, दुपारी चारला आणि पुन्हा रात्री दहाला. रात्रीचा हात लवकर काढावा लागला. तेव्हाच ठरलं : एक पावसाळा जाऊ द्यायचा.

परवा, दिवाळीच्या तोंडावर, पुन्हा गेलो. आई वळणावर थांबली, स्टूल अजून आलं नव्हतं. आत छत तसंच जुनं, पिवळट. फक्त निजायच्या खोलीत, गच्चीच्या पाइपाखालचा एक कोपरा चकचकीत पांढरा.

"दिवाळीचा रंग हाय," दलाल म्हणाला.

आईने वर बघितलं. "एकाच कोपऱ्याची दिवाळी?"