चिखलाची नावे

इंग्रजीतला ‘मड’ दिसला की आपण ‘चिखल’ म्हणून मोकळे होतो. कुहीच्या धानपट्ट्यात एवढ्याने भागत नाही. रोवणीआधी बांधीत पाणी धरून माती कालवायची, ती चिखलणी. त्याने पाणी खाली कमी झिरपते, रोप सहज रोवता येते. भिंतीसाठी माती मळली की तो गारा. पुराने आणून बसवला तो गाळ. वाटेवर तुडवला तर राडा. माती तीच, पाणी तेच. नाव ठरते कामावरून.

रोमानियन भाषेतही तेच. बुटाला लागतो तो ‘नोरोय’. पाण्याच्या तळाशी साचतो तो ‘नमोल’. टेकिरघ्योल सरोवराकाठी औषध म्हणून अंगाला लावतात तोही नमोलच. चिकणमाती मात्र ‘लुत’, लॅटिन ‘लुतुम’वरून आलेला शब्द.

छांदोग्य उपनिषदातला मातीचा दृष्टांत आम्ही वर्षानुवर्षे शिकवला: भांड्यांची नावे वाणीपुरती, सत्य ती माती. आता म्हातारपणी त्याला एक जोड द्यावीशी वाटते. नावही अगदीच पोकळ नसते, त्यात माणसांचे काम साठलेले असते.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली कुही तालुक्यातली गावे गेली, शेते गेली. बांधी बुडाली की तिथे चिखलणी होत नाही. माती आहेच हो, पण आता तिचे नाव गाळ.

म्हणून भाषांतर करताना कोश उघडण्याआधी एवढे विचारा: या चिखलात कोण उभे आहे, आणि काय करते आहे?