‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे पेट घेणारे!

पेट्रोलच्या टँकरवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. हाच शब्द घरातल्या थिनरच्या डब्यावर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरच्या बाटलीवरही आढळतो. ‘व्हिजिबल’ म्हणजे दिसणारे, ‘इन्व्हिजिबल’ म्हणजे न दिसणारे. शाळेत शिकलेला हा नियम इथे लावला, तर ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे, असा अर्थ निघतो. तो साफ उलटा आहे आणि घातकही.

या शब्दातले ‘इन’ नकाराचे नाही. पेटवणे या अर्थाच्या ‘इन्फ्लेमारे’ या लॅटिन क्रियापदापासून तो आला आहे. म्हणून ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ या दोन्हींचा अर्थ एकच: चटकन पेट घेणारे. हा घोटाळा टाळण्यासाठीच अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेने १९२० च्या दशकात ‘फ्लेमेबल’ हाच शब्द वापरावा, असा आग्रह धरला. न पेटणाऱ्या वस्तूला ‘नॉन-फ्लेमेबल’ म्हणतात.

ईदसाठी दारे-खिडक्या रंगवताना थिनरचा डबा उघडा असेल, तर जवळपास गॅस, अगरबत्ती किंवा लोबानचे निखारे ठेवू नका. डब्यावरचा हा शब्द मुलांकडूनही एकदा वाचून घ्या आणि त्याचा खरा अर्थ त्यांना सांगा.