घारापुरीचा हत्ती

घारापुरी बेटावरील एक प्राचीन पाषाणशिल्प. सध्या ते मुंबईत भायखळा येथे, राणीच्या बागेलगतच्या (वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान) डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उघड्यावर आहे. पोर्तुगीजांनी बेटास ‘एलिफंटा’ हे नाव दिले, ते या हत्तीवरून. नाव बेटावर राहिले, हत्ती मात्र मुंबईस आला. भग्न शिल्प जुळवून पुन्हा उभे करण्याचे भारतातील हे एक जुने उदाहरण होय.

मूळ शिल्प बेटाच्या दक्षिणेस, जुन्या धक्क्यापासून थोड्या अंतरावर होते. काळसर बेसाल्टचा एक सुटा धोंडा कोरून ते घडविले होते. त्याची लांबी सु. ४ मी. व उंची सु. २·२ मी. होती. पाठीवर एक लहान आकृती होती. तिला कोणी हत्तीचे पिलू मानले, तर कोणी वाघ.

१८१४ मध्ये हत्तीचे डोके मानेसह गळून पडले व पुढे धडही कोसळले. बेसाल्ट कठीण असला, तरी त्यात मुळातच चिरा असतात. चिरांत पावसाचे पाणी मुरते, झाडांची मुळे त्या रुंदावतात. समुद्रकाठी क्षारांचे स्फटिक बनून दगडाचे कण सुटे होतात. पुढे झुकलेले डोके पेलणारी मान हा अशा शिल्पाचा दुबळा भाग असतो.

१८६४ मध्ये हे अवशेष मुंबईस आणण्यात आले. शिल्प इंग्लंडला नेण्याचा बेत होता व उचलताना यारी मोडल्याने त्याचे आणखी तुकडे झाले, असे सांगतात. त्यानंतर पन्नास वर्षांनी, १९१४ मध्ये, कॅडेल व ह्यूएट यांनी तुकडे जुळवून हत्ती पुन्हा उभा केला.

मूळचेच भाग त्यांच्या जागी बसविण्याच्या या पद्धतीस ‘ॲनास्टायलोसिस’ म्हणतात. तीत तुटलेल्या पृष्ठांचा मेळ हाच मुख्य आधार असतो. खरी अडचण सांध्यांची. लोखंडी खिळी गंजली म्हणजे फुगते आणि जोडलेला दगड नव्याने फोडते. सिमेंटमधील क्षार दगडात उतरतात. म्हणून आता अगंज पोलादाच्या खिळी व चुन्याचा गिलावा अधिक पसंत करतात. जेथे तुकडाच हरवला आहे, तेथे भर किती घालावी, हा प्रश्न त्याहून नाजूक आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेनुसार नवा भाग एकूण आकृतीशी सुसंगत, पण मूळ भागाहून वेगळा ओळखू येणारा असावा. हत्ती गुळगुळीत करून पुरा केला, तर तो नवाच हत्ती ठरेल.

स्मारक त्याच्या परिसरापासून वेगळे करू नये, असेही ही सनद सांगते. संरक्षणासाठी आवश्यक असेल वा अत्यंत महत्त्वाच्या राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय हितासाठी समर्थनीय असेल, तरच स्थलांतरास मुभा आहे. या कसोटीवर १८६४ ची कृती समर्थनीय ठरत नाही. तथापि तुकडे बेटावरच पडून राहते, तर ते विखुरले असते, हेही नाकारता येत नाही.

उघड्यावरील अशा शिल्पाची खरी निगा साधी, पण नित्याची असते. पावसाळ्यापूर्वी सांधे तपासणे, फटींतील रोपे कोवळी असतानाच काढणे, मऊ कुंचल्याने व स्वच्छ पाण्याने शेवाळ धुणे एवढे पुरते. आम्लाने घासणे वा तैलरंग फासणे कटाक्षाने टाळावे. रंगाच्या थराखाली ओल कोंडते व दगडाचे पापुद्रे निघतात.