जे ओठांवर येत नाही, ते रेषेत उतरते

मनातले दुःख बोलून दाखवणे प्रत्येकाला जमत नाही. अशा वेळी रंग, ताल आणि अभिनय मदतीला येतात. कोलकात्यातले तुरुंग, आश्रयगृहे आणि मनोरुग्णालये यांतून चाललेल्या कलोपचाराची ही ओळख...

वाल्या कोळ्याची गोष्ट ऐकली नाही, असे मूल मराठी घरात शोधून सापडायचे नाही. पापात वाटेकरी व्हायला बायकामुलेही तयार नाहीत, हे कळताच वाटमारी सोडून तपाला बसलेला वाल्या आणि पुढे त्याचाच झालेला वाल्मीकी. बंगालमध्ये हीच कथा 1881 साली रंगमंचावर आली. विशीच्या उंबरठ्यावर असलेल्या रवींद्रनाथ टागोरांनी 'वाल्मीकि प्रतिभा' ही संगीतिका लिहिली आणि जोडासाँकोच्या वाड्यात वाल्मीकीची भूमिकाही स्वतःच केली. सरस्वती झाली होती त्यांची पुतणी, प्रतिभा.

त्यानंतर सव्वाशे वर्षांनी ही संगीतिका कोलकात्यात पुन्हा उभी राहिली. या वेळी रंगमंचावरचे दरोडेखोर नुसते सोंग आणत नव्हते. ते तुरुंगात शिक्षा भोगणारे कैदी होते.

तुरुंगात वाजले घुंगरू

प्रसिद्ध नृत्यांगना अलकानंदा रॉय 2007 साली महिला दिनाच्या निमित्ताने प्रेसिडेन्सी तुरुंगात गेल्या. मान खाली घालून वावरणारे कैदी पाहून त्या अस्वस्थ झाल्या. यांना नाच शिकवता येईल का, असा विचार त्यांच्या मनात आला आणि तुरुंग प्रशासनाने त्यांना परवानगी दिली. धिप्पाड, रांगड्या माणसांना नाचायला लावणे सोपे नव्हते. पण हळूहळू पावले पडू लागली आणि कैदी त्यांना 'मा' म्हणू लागले. 'वाल्मीकि प्रतिभा'चे प्रयोग पुढे तुरुंगाबाहेरच्या नाट्यगृहांतही झाले.

त्यात वाल्मीकी झालेला नायजेल अक्कारा हा तरुण सुटकेनंतर 'मुक्तधारा' या 2012 सालच्या बंगाली चित्रपटाचा नायक झाला. चित्रपटाचे कथानक याच प्रयोगावर बेतलेले होते.

यावर एक प्रश्न हमखास विचारला जातो. ज्यांनी दुसऱ्याचे संसार उद्ध्वस्त केले, त्यांच्यासाठी टाळ्या कशाला? ज्याच्या घरातले माणूस गेले, त्याला हे खुपणारच, आणि ते खुपणे चूकही नाही. पण नाचल्यामुळे कुणाचा गुन्हा पुसला जात नाही. शिवाय शिक्षा संपली की हा माणूस आपल्याच गल्लीत राहायला येणार असतो. तो मनात काय घेऊन बाहेर पडतो, हे साऱ्या समाजाच्या हिताचे आहे. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाने हाच विचार केला होता. त्यावरूनच व्ही. शांताराम यांनी 1957 साली 'दो आँखें बारह हाथ' काढला, हे मराठी वाचकांना आठवत असेल.

शब्दप्रभूलाही शब्द अपुरे पडले

ज्याला बोलता येत नाही, त्यालाच चित्रांची गरज पडते, असे नाही. रवींद्रनाथांसारखा शब्दांचा धनी शोधूनही सापडणार नाही. त्यांच्या वाट्याला आलेले दुःखही तसेच मोठे होते. 1902 साली पत्नी मृणालिनी गेल्या, पुढच्या वर्षी मुलगी रेणुका, 1907 साली धाकटा मुलगा शमी आणि 1918 साली थोरली मुलगी माधुरीलता. एवढे आघात सोसून त्यांची लेखणी चालतच राहिली.

कवितेत खाडाखोड झाली की ते खोडलेले शब्द रेषांनी एकमेकांना जोडत. त्यातून पक्षी, चित्रविचित्र प्राणी, माणसांचे चेहरे तयार होत. 1924 साली अर्जेंटिनात व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्याकडे मुक्काम असताना 'पूरबी'च्या हस्तलिखितातल्या अशा आकृत्या पाहून त्या थक्क झाल्या. सत्तरीकडे झुकलेल्या रवींद्रनाथांनी मग मनापासून कुंचला हाती घेतला. पॅरिसमध्ये 1930 सालच्या मे महिन्यात भरलेले त्यांचे पहिले प्रदर्शन ओकाम्पो यांच्याच खटपटीने झाले. 1941 साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी दोन हजारांहून अधिक चित्रे काढली.

या चित्रांतले चेहरे बहुतेक उदास आणि गूढ आहेत. त्यांमागे कोणते दुःख होते, हे सांगण्याचा आगाऊपणा कुणी करू नये. पण जे गाण्यात आले नाही, ते इथे आले, असे चित्रे पाहणाऱ्याला वाटल्यावाचून राहत नाही.

आपले शरीर, आपले घर

काही जखमा अशा असतात, की त्या सांगायला लावणे म्हणजे पुन्हा त्याच यातनेतून जायला लावणे. देहविक्रयासाठी फसवून नेलेल्या आणि नंतर सोडवून आणलेल्या मुलींचे असेच होते. पोलीस, न्यायालय, समाजसेवक, ज्याला त्याला तीच हकीकत सांगायची. स्वतःच्या शरीराचीच त्यांना शिसारी आलेली असते.

समाजशास्त्र शिकलेल्या नृत्यांगना सोहिनी चक्रवर्ती यांनी 1990 च्या दशकात कोलकात्यात अशा मुलींबरोबर काम सुरू केले आणि 2004 साली 'कोलकाता संवेद' ही संस्था स्थापन केली. येथे नृत्याचा उपयोग उपचारासाठी होतो. मुद्रा बिनचूक हवी, ताल चुकता कामा नये, असा आग्रह नसतो. श्वास, चालणे, ताणणे, जमिनीवर पाय आपटणे यांतून राग आणि भीती बाहेर पडू द्यायची आणि शरीराशी पुन्हा मैत्री करायची. उपचार घेऊन सावरलेल्या काही मुली पुढे स्वतःच प्रशिक्षिका झाल्या. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने या संस्थेच्या सहकार्याने नृत्योपचाराचा अभ्यासक्रमही सुरू केला.

मनाच्या आजाराशी कोलकात्याचे नाते जुने आहे. गिरींद्रशेखर बोस यांनी येथेच 1922 साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. 1969 साली गोब्रा येथील मनोरुग्णालयात उपचार घेत असताना चित्रपट दिग्दर्शक ऋत्विक घटक यांनी नाटक लिहिले आणि तिथल्या रुग्णांनाच घेऊन ते बसवले. स्वतः मानसिक आजाराचा अनुभव घेतलेल्या रत्नाबोली रे यांची 'अंजली' ही संस्था 2000 सालापासून बंगालमधल्या सरकारी मनोरुग्णालयांत काम करते. तिथे चित्र, नाच, नाटक यांचा आधार घेतला जातो. या रुग्णालयांतले एक मोठे दुःख असे, की बरे झालेल्या माणसांनाही घरचे न्यायला येत नाहीत. ज्याची ओळख फक्त 'वेडा' एवढीच उरली आहे, त्याला कुणीतरी 'हे तू काढलेस?' असे कौतुकाने विचारते, तेव्हा त्याला एक नवी ओळख मिळते.

हे घडते कसे?

'कलोपचार' हा शब्द ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी 1942 साली वापरात आणला. क्षयरोगाने आरोग्यधामात पडून असताना चित्रे काढल्याने त्यांना उभारी आली होती. मग त्यांनी इतर रुग्णांनाही कागद-पेन्सिल दिली.

अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली एक पाहणी प्रसिद्ध केली. 39 प्रौढ व्यक्तींना माती, रंगीत पेने, चिकटकामाचे कागद देऊन 45 मिनिटे मनाला येईल ते करायला सांगितले. आधी आणि नंतर त्यांची लाळ तपासली. सुमारे 75 टक्के जणांच्या शरीरातले कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झाले होते. आधीपासून चित्रकला येणे-न येणे याने फारसा फरक पडला नाही. पाहणी लहान आहे, पण 'मला कुठे चित्र काढता येते?' म्हणणाऱ्यांना दिलासा देणारी आहे.

कागदावर उतरलेली भीती आपल्यापासून हातभर लांब जाते. तिच्याकडे पाहता येते, तिला रंग बदलून देता येतो, नकोसा झालेला कागद फाडताही येतो.

घरी काय करता येईल?

दुपारची कामे आटोपल्यावर अर्धा तास स्वतःसाठी ठेवा. महागडे रंग लागत नाहीत. मुलांच्या दप्तरातले खडू आणि पाठकोरे कागदही चालतील. आज मन कसे आहे, ते एका रंगाने भरा. रांगोळीचे ठिपके घालता घालता किंवा गोधडीला टाके घालताना मन शांत होते, हा अनुभव आपल्या आज्या-पणज्यांनाही होता. चित्र सुंदर व्हायलाच हवे, असे नाही. ते कुणाला दाखवलेच पाहिजे, असेही नाही.

मात्र एक लक्षात ठेवा. हा छंद म्हणजे औषध नव्हे. झोप उडाली, जेवण तुटले, दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी हटत नाही, जगणे नकोसे वाटते, अशी लक्षणे दिसली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायलाच हवे. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. सरकारच्या 'टेली मानस' सेवेच्या 14416 या क्रमांकावर दूरध्वनी करून विनामूल्य सल्ला घेता येतो. खोल जखमांवरचा कलोपचारही प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखालीच व्हावा.

आणि घरातले कुणी, लेकरू असो वा सासूबाई, कागदावर काही रेखाटताना दिसले, तर 'हे काय काढलेस?' असे विचारू नका आणि सुधारायलाही जाऊ नका. रवींद्रनाथांनी आपल्या बहुतेक चित्रांना नावच दिले नव्हते. शेजारी बसा आणि एवढेच म्हणा, 'याच्याबद्दल सांगतेस का मला?' सांगितले तर ऐका. नाही सांगितले, तरी बसून राहा.