मॅचचं चित्र नेमकं कोणाचं?

कॉमन रूममध्ये मॅच लागली की आपली भांडणं होतात ती रिमोटवरून, नाहीतर पुढच्या खुर्चीवरून. पण पडद्यावर जे चित्र दिसतं ते मुळात कोणाच्या मालकीचं, यावरून याच्यापेक्षा कितीतरी मोठं भांडण झालेलं आहे. त्यात परदेशी कॅमेरे मुंबईच्या कस्टम्समध्ये अडकले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि एकदा तर अर्ध्या देशाने मॅच सात मिनिटं उशिरा पाहिली. मी वाशिम जिल्ह्यातल्या कामरगावचा. आमच्याकडे बरीच वर्षं टीव्ही म्हणजे अँटेना आणि अँटेना म्हणजे दूरदर्शन. त्यामुळे हा सगळा इतिहास मी अँटेनावाल्यांच्या बाजूने सांगणार, हे आधीच कबूल करतो.

आधी थोडं आपल्या विषयातलं. मैदानावरचे कॅमेरे बाहेर उभ्या असलेल्या ओबी व्हॅनला जोडलेले असतात. तिथे बसलेला डायरेक्टर कुठला शॉट जाणार ते ठरवतो. तयार झालेलं चित्र भूकेंद्रावरून उपग्रहाकडे फेकलं जातं, म्हणजे अपलिंक. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर वर. जाऊन-येऊन ७२,००० किलोमीटर आणि प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख, म्हणजे उशीर साधारण ०.२४ सेकंदाचा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. या साखळीत मैदान एकाचं, कॅमेरे दुसऱ्याचे आणि अपलिंकची परवानगी तिसऱ्याच्या हातात. भांडणाचं मूळ इथेच आहे.

१९९० पर्यंत प्रश्नच नव्हता, कारण चित्र दाखवणारं फक्त दूरदर्शनच. त्या काळच्या प्रक्षेपणात बहुतेक वेळा एकाच टोकाला मुख्य कॅमेरा असायचा. म्हणजे एका षटकात बॅट्समनचं तोंड दिसणार, पुढच्या षटकात त्याची पाठ. ऑस्ट्रेलियात केरी पॅकरच्या चॅनल नाइनने १९७७ मध्येच दोन्ही टोकांना कॅमेरे लावले होते, पण आपल्याकडे कोणाला घाई नव्हती. उलट मॅच दाखवावी म्हणून क्रिकेट बोर्डच दूरदर्शनला पैसे मोजायचं. एका मॅचचे पाच लाख, असं बोर्डाच्या लोकांनी नंतर सांगितलेलं आहे. आज ऐकताना गंमत वाटते.

१९९१ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ भारतात आला. तिकडच्या टीव्हीला सामने दाखवायचे होते आणि त्यांनी हक्कांची किंमत विचारली. तेव्हा बोर्डाला शोध लागला की विकण्यासारखी काही वस्तू आपल्याकडे आहे! १९९३ च्या इंग्लंड दौऱ्याचे हक्क ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या कंपनीकडे गेले आणि आपल्याच देशातली मॅच दाखवायला दूरदर्शनला पहिल्यांदा पैसे मोजावे लागले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात हिरो कप. बंगाल क्रिकेट संघटनेच्या हीरकमहोत्सवाची ही स्पर्धा. संघटनेने हक्क पुन्हा त्याच परदेशी कंपनीला दिले आणि सरकारने पाय रोवले. सरकारचं म्हणणं असं, की १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने बिनतारी संदेश पाठवायचा अधिकार आमचा, आमच्या परवानगीशिवाय आकाशात काही सोडता येणार नाही. अपलिंक करायचं तर विदेश संचार निगमकडून, आणि निगम सरकारी. (जुन्नर तालुक्यात आर्वीला १९७१ पासून जे मोठं भूकेंद्र होतं, ते याच निगमच्या ताब्यात होतं.) कंपनीची यंत्रसामग्री मुंबईत कस्टम्सने अडवली. इकडे स्पर्धा सुरू, तिकडे कॅमेरे गोदामात! शेवटी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सामान सुटलं. म्हणून २४ नोव्हेंबरच्या सेमीफायनलमध्ये सहा धावा हव्या असताना सचिनने टाकलेली ती शेवटची ओव्हर आपल्याकडे जपून राहिली.

मूळ खटल्याचा निकाल लागला ९ फेब्रुवारी १९९५ ला. खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत, एस. मोहन आणि बी. पी. जीवन रेड्डी होते. न्यायालयाने सांगितलं की प्रक्षेपणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यावर सरकारची मक्तेदारी नाही, आणि पैसेवाल्या कंपन्यांचीही असू नये. स्वायत्त संस्थेने त्यांचं नियमन करावं. माझ्या मते या निकालाचा दुसरा अर्धा भाग लोक सोयीने विसरले. पहिल्या अर्ध्याने मात्र दरवाजे उघडले. हाँगकाँगच्या स्टारने १९९१ पासून प्राइम स्पोर्ट्स दाखवायला सुरुवात केलीच होती. ईएसपीएन १९९५ मध्ये आलं आणि १९९६ मध्ये दोघांनी हातमिळवणी करून सिंगापुरात ईएसपीएन स्टार स्पोर्ट्स उभं केलं. तिथे दिसणारा हर्षा भोगले हैदराबादच्या मराठी घरातला, आणि शिक्षणाने केमिकल इंजिनिअर. बॅकलॉगवाल्यांनी यातून काय तो बोध घ्यावा.

आता अँटेनावाल्यांची गोष्ट. २००६ मध्ये निंबस कंपनीने भारतातल्या सामन्यांचे चार वर्षांचे हक्क ६१.२ कोटी डॉलरना घेतले आणि निओ स्पोर्ट्स हे चॅनल काढलं. एवढे पैसे वसूल करायचे, तर दूरदर्शनला फुकट चित्र कशाला द्यायचं? २१ जानेवारी २००७ ला वेस्ट इंडिजविरुद्धची पहिली वनडे नागपूरला होती. आमच्या गावापासून दोनेकशे किलोमीटर! गांगुलीने संघात परत येऊन ९८ मारले, भारत १४ धावांनी जिंकला, आणि दूरदर्शनवर लाइव्ह काहीच नाही. ज्यांच्या घरी केबल, त्यांच्या ओसरीत गर्दी. बाकीच्यांनी स्कोअर विचारत दिवस काढला.

मग दिल्ली उच्च न्यायालयाने तोडगा काढला: दूरदर्शनला चित्र द्या, पण सात मिनिटं उशिराने. पुढची मॅच कटकला, २४ जानेवारीला. आता हिशेब करा. निसर्गाने घातलेला उशीर ०.२४ सेकंदाचा, न्यायालयाने घातलेला ४२० सेकंदांचा, म्हणजे साडेसतराशे पट. आमच्या गल्लीत त्याचा अर्थ असा, की समोरच्या केबलवाल्या घरातून "गेला रे!" ओरडलं की अँटेनावाले सात मिनिटं नुसते वाट पाहत बसायचे, आता कोण जाणार राजेहो? एकाने तर समोरच्यांना दार लावून घ्यायला सांगितलं.

सरकारने २ फेब्रुवारीला अध्यादेश काढला आणि नंतर त्याचा कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्र प्रसार भारतीला लाइव्ह द्यायचं आणि टीव्हीवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातला किमान ७५ टक्के वाटा हक्कधारकाचा. वाटणी बरी होती, पण एक फट राहिली. दूरदर्शन दाखवणं केबलवाल्याला बंधनकारक, म्हणून तेच चित्र केबलवरही फुकट दिसायचं. क्रीडा चॅनलवाले त्यावर कोर्टात गेले. २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हे वाटून घेतलेलं चित्र फक्त दूरदर्शनच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि त्याच्या स्वतःच्या डीटीएचवर दिसेल, केबलवर नाही.

म्हणजे बाजू उलटल्या. केबलवाल्याला मॅचसाठी क्रीडा चॅनलचे वेगळे पैसे मोजावे लागतात, आणि ज्याच्या छपरावर फ्री डिशची छोटी थाळी आहे, त्याला ते सामने दरमहा काही न भरता दिसतात. गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा समोरच्या त्या जुन्या केबलवाल्या घरावरही तशीच थाळी दिसली.